बोअरच्या पाण्यावर चुंबक: सोसायटीने पैसे घालण्याआधी काय तपासावे

नमस्कार. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्यातली ८४ फ्लॅटची सोसायटी, पाणी बोअरचे आणि टँकरचे मिळून, हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, ४८० मिग्रॅ प्रति लिटर. एका विक्रेत्याने मेन लाइनवर मॅग्नेटिक कंडिशनर बसवायला सुचवले आहे आणि तीन गोष्टींची हमी दिली आहे. पाणी मऊ होईल. पावसाळ्यात बोअरच्या पाण्याला येणारा वास जाऊन ते शुद्ध होईल, एसटीपीचे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे) पाणीही सुधारेल. आणि गीझर, सोलरमुळे विजेचे बिल ३० टक्क्यांनी उतरेल. कमिटीतल्या एका सदस्याने चुंबकावरचे शोधनिबंध दाखवले, त्यामुळे तुम्ही विचारता की एवढे संशोधन आहे तर यंत्र घ्यायला हरकत काय.

इमारतींचे पाणी आणि वीज या दोन्ही व्यवस्थांवर मी सल्लागार म्हणून काम करतो. अशी यंत्रे बसवताना पाहिली आहेत आणि काही वर्षांनी काढून टाकतानाही पाहिली आहेत. माझे स्पष्ट मत असे की हे तीन दावे म्हणजे तीन वेगळे विषय आहेत आणि एकाच्या पुराव्यावर दुसरा विकला जातो आहे. संशोधनाचा आधार पहिल्या दाव्याच्या एका छोट्या भागाला आहे, तोही अटींसह. दुसऱ्या दाव्याला, म्हणजे पाइपवर बसवलेल्या चुंबकाने दूषित पाणी शुद्ध होते याला, काहीही आधार नाही. तिसऱ्यात वीज कुठे खर्च होते हेच चुकीचे धरले आहे.

तुम्ही क्षारांपासून सुरुवात केली आहे, पण मी वासापासून करतो. कारण क्षारांनी कॉइल जाते, वासामागे जे असू शकते त्याने माणसे आजारी पडतात.

बोअरच्या पाण्याला फक्त पावसाळ्यात वास येत असेल तर वरचे पाणी थेट खाली उतरते आहे, असा पहिला संशय घ्यायचा. आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांत रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा बोअरला जोडलेला असतो. त्यात गच्चीचेच पाणी जायला हवे. प्रत्यक्षात पार्किंगचे, बागेचे, कधी तुंबलेल्या ड्रेनेज चेंबरचेही पाणी त्यात शिरते. वाळू-खडीचा फिल्टर बांधकामाच्या वेळी भरलेला असतो, त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो. दुसरी शक्यता बोअरच्या केसिंगची, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपची. वरच्या मातीच्या थरात केसिंग नीट सील केलेले नसेल तर पाणी तिथूनच आत येते. तिसरी शक्यता एसटीपीची टाकी किंवा तिची लाइन झिरपण्याची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या भेगांतून वाहते. वाळूच्या थरातून झिरपताना जी गाळणी आपोआप होते ती इथे फारशी होत नाही, म्हणून घाण बोअरपर्यंत फार लवकर पोचते.

तेव्हा आधी पाण्याचा नमुना तपासायला द्या, राज्य आरोग्य प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी लॅबमध्ये. निर्जंतुक बाटली लॅबच देते, त्यातच नमुना घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू), नायट्रेट, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार), हार्डनेस, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचे प्रमाण) आणि लोह एवढे नक्की मागा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते की १०० मिलि पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये आणि नायट्रेट ४५ मिग्रॅ प्रति लिटरच्या आत हवे. नायट्रेट जास्त आणि सोबत ई. कोलाय असेल तर सांडपाणी मिसळते आहे असे धरून चाला. अहवाल येईपर्यंत बोअरचे पाणी प्यायला वापरू नका. टाकीत टीसीएल पावडरचे (ब्लीचिंग पावडरचे) द्रावण घालून, निदान अर्ध्या तासानंतर ओटी टेस्टने (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीने) क्लोरीन मोजा. नळाशी ०.२ मिग्रॅ प्रति लिटर तरी उरायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्यावरच संशय होता आणि अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. त्या जिवाणूला क्लोरीन मारते, पाणी उकळून मारता येतो. पाइपवरच्या चुंबकाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

आता तुमच्या सदस्याने दाखवलेल्या निबंधांकडे येतो. चुंबकाने दूषित पाणी शुद्ध करण्याचे खरे, भक्कम संशोधन आहे, आणि ते मला मनापासून आवडते. फक्त त्यात चुंबक काय पकडतो ते नीट पाहायला हवे. पाणी चुंबकाकडे ओढले जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते. त्याची चुंबकीय प्रवृत्ती उणे, तीही दहा लाखांत नऊ भाग इतकी कमी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड यांची गत तीच. म्हणून संशोधक पाण्यात चुंबकाला धरता येईल असा पदार्थ मुद्दाम घालतात, बहुधा मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा काळा ऑक्साइड. घाण त्या कणांना चिकटते आणि मग चुंबक ते कण बाहेर काढतो.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने यावर सिरोफ्लॉक नावाची पद्धत उभी केली आणि पर्थ शहरात ती पाणीपुरवठ्यासाठी वापरली गेली. बारीक मॅग्नेटाइटवर पाण्याचा रंग आणि गढूळपणा बसतो, कण चुंबकीय करून एकत्र आणले की भराभर तळाशी जातात, मग कॉस्टिक सोड्याने धुऊन तेच कण परत वापरतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटाने सुमारे १२ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट कणांनी पाण्यातले आर्सेनिक पकडून ते कण साध्या हातातल्या चुंबकाने वेगळे करून दाखवले. २०१९ मध्ये फिऑन फेरेरा या आयरिश विद्यार्थ्याने तेल आणि मॅग्नेटाइट यांच्या मिश्रणाने पाण्यातले मायक्रोप्लास्टिक ओढून काढले आणि गूगलची विज्ञान स्पर्धा जिंकली. सांडपाण्याच्या गाळात मॅग्नेटाइट मिसळून तो लवकर वेगळा करण्याचे प्रयोग जपानमध्ये झाले आहेत.

या प्रत्येक ठिकाणी कण घालणे, ढवळणे, परत मिळवणे, धुणे आणि उरलेल्या घाणीची विल्हेवाट लावणे अशी पूर्ण प्रक्रिया आहे. तुमच्या विक्रेत्याचे यंत्र पाइपला बाहेरून बांधलेले आहे. त्यातून काहीच बाहेर निघत नाही. त्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्या यंत्रातून जी घाण वेगळी होते ती आम्ही कुठून आणि किती दिवसांनी काढायची? याचे उत्तर मिळाले नाही तर ते शुद्धीकरणाचे यंत्र नाही.

क्षारांचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे आणि इथे मी चुंबकाला एका फटक्यात बाद करणार नाही. बेल्जियमच्या थिओ व्हर्मायरेन यांनी १९४५ मध्ये याचे पेटंट घेतले, म्हणजे कल्पना जुनी आहे. त्यानंतर शेकडो प्रयोग झाले आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काही प्रयोगशाळांत परिणाम खरोखर दिसला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या कोई आणि कॅस यांनी २००० मध्ये दाखवले की चुंबकीय क्षेत्रातून वाहून गेलेले पाणी तापवले की कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वेगळ्या रूपात, म्हणजे कॅल्साइटऐवजी अ‍ॅरागोनाइटच्या रूपात जास्त येतात. फरक तव्याला घट्ट चिकटलेली खरपूड आणि भांड्याच्या तळाशी बसलेला सुटा गाळ यांच्यातला समजा. अ‍ॅरागोनाइट कॉइलला कमी चिकटते. पाण्यातले क्षार तेवढेच राहतात, जमण्याची पद्धत बदलते. म्हणूनच "पाणी मऊ होते" हा दावा संशोधनाच्या आधारेही चुकीचा ठरतो. यंत्राच्या आधी आणि नंतर हार्डनेस किटने टायट्रेशन करा, ४८० चे ४८० च येतील. टीडीएसही तोच येईल.

याउलट प्रत्यक्ष वापरातल्या चाचण्या बहुतांशी निराशाजनक आहेत. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेने २००१ मध्ये बाजारातल्या चुंबकीय यंत्रांची प्रत्यक्ष चाचणी घेतली, तेव्हा यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या लाइनमध्ये ठळक फरक आढळला नाही. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने सॉफ्टनरच्या, म्हणजे मीठ वापरून पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, पर्यायांची तुलना केली तेव्हा विद्युतचुंबकीय यंत्राने थर साधारण निम्म्याने कमी झाला, आणि टीएसी नावाच्या माध्यमाने (क्षारांचे सुटे सूक्ष्म स्फटिक बनवणाऱ्या मण्यांनी), ज्यात चुंबक नसतो, तो जवळजवळ पूर्ण थांबला.

निकाल असे विखुरलेले का, याचे माझ्या कामातून मला पटलेले कारण म्हणजे परिस्थिती. पाणी चुंबकीय क्षेत्राला काटकोनात आणि पुरेशा वेगाने वाहायला हवे. सोसायटीच्या लाइनमध्ये सकाळी सात वाजता वेग असतो, दुपारी तीनला जवळजवळ नसतो. ज्या प्रयोगांत परिणाम चांगला दिसला त्यांपैकी अनेकांत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवलेले होते, जसे कूलिंग टॉवरमध्ये फिरते. तुमच्या लाइनमध्ये ते यंत्रासमोरून एकदाच जाते. तुमच्या हार्डनेसमध्ये बायकार्बोनेटचा वाटा किती आणि सल्फेट-क्लोराइडचा किती, यावरही अवलंबून आहे, म्हणून वर अल्कलिनिटी मागायला सांगितली. टँकरचे पाणी रोज वेगळ्या ठिकाणचे आले तर आजचा निकाल उद्याला लागू होत नाही.

आणि एक साधी गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत: तुमची मेन लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर बाहेरून बांधलेल्या चुंबकाचे बरेचसे क्षेत्र पाइपच्या लोखंडातूनच वळून जाते, आतल्या पाण्यापर्यंत फार थोडे पोचते. यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप, असेल तर ही अडचण नाही. पाइप कोणता आहे न बघता कोटेशन दिले असेल तर त्यावरून काय ते ओळखा.

विजेचे गणित मी आकड्यांनीच मांडतो, कारण कमिटीत हाच मुद्दा सर्वांना पटतो. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट लागतात. प्रत्येक फ्लॅटने रोज एवढेच पाणी गीझरवर तापवले तर ८४ फ्लॅटचे ३४० युनिट होतात. माणशी १३५ लिटर धरले तर तुमचा रोजचा वापर साधारण ४५ हजार लिटर. ते ४० मीटर उंच चढवायला, पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी, १२ युनिटच्या आसपास. बोअरमधून वर आणायला खोलीप्रमाणे आणखी वीस-तीस. लहान एसटीपीला दर हजार लिटरमागे एखादे युनिट, म्हणजे रोज चाळीसेक. इमारतीच्या पाण्यातली वीज मुख्यतः ते तापवण्यात जाते. ही उतरंड डोळ्यासमोर असली की कुठे हात घालायचा ते लगेच दिसते.

मग क्षारांचा थर गेला की गीझरची ३० टक्के वीज वाचते का? नाही, आणि याचे कारण साधे आहे. इलेक्ट्रिक गीझरची कॉइल पाण्यात बुडलेली असते. तिच्यावर थर बसला तर उष्णता हळू बाहेर पडते, कॉइल जास्त तापते आणि लवकर जळते, पण ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. जायला दुसरी वाट नाही. अमेरिकेच्या बॅटेल संस्थेने २००९ च्या सुमारास जड पाण्यावर गीझर चालवून हे मोजले. गॅसवरच्या गीझरची कार्यक्षमता घसरली, इलेक्ट्रिक साठवण गीझरची घसरली नाही. तो अभ्यास सॉफ्टनर उद्योगाशी निगडित संस्थेने करवून घेतलेला होता, तरीही हा निष्कर्ष आला, म्हणून मला तो विशेष विश्वासार्ह वाटतो. तेव्हा इलेक्ट्रिक गीझरमध्ये क्षारांची किंमत दुरुस्तीच्या बिलात दिसते, विजेच्या बिलात फारशी नाही.

सोलरची गोष्ट वेगळी. फ्लॅट प्लेट कलेक्टरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत थर बसला की पाण्याचे फिरणे मंदावते, गरम पाणी कमी मिळते आणि लोक गीझर लावतात. हीट पंपातही थरामुळे कंडेन्सरचे तापमान वाढते आणि वीज जास्त लागते. हीट पंप नीट चालला तर गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेच पाणी तापवतो, म्हणून त्याला क्षारांपासून जपणे ही खरी बचत आहे. तेव्हा क्षार रोखायचेच असतील तर ते सोलर आणि हीट पंपाच्या लाइनवर रोखा, सगळ्या इमारतीच्या पाण्यावर नाही.

ही निवड किती महत्त्वाची आहे ते मिठाच्या हिशेबावरून दिसेल. सॉफ्टनरमध्ये एक किलो हार्डनेस काढायला मला साधारण दोन ते अडीच किलो मीठ धरावे लागते. सगळे ४५ हजार लिटर मऊ करायचे तर रोज ५० किलोच्या आसपास मीठ लागेल, आणि ते मीठ एसटीपीत, तिथून बागेत जाईल. झाडे आणि एसटीपीतले जिवाणू दोन्ही त्रासतील. फक्त सोलरच्या फीड टाकीला जाणारे नऊ-दहा हजार लिटर मऊ केले तर रोज १० किलोत भागते. पुण्यातल्या बऱ्याच इमारतींत सोलरची फीड टाकी वेगळी असते, तुमच्याकडे आहे का ते प्लंबरला विचारा. नसेल तर ती वेगळी करण्याचा खर्च आधी काढा. सॉफ्टनरचे पाणी प्यायच्या नळाला मात्र देऊ नका. ४८० हार्डनेस पूर्ण काढले तर लिटरमागे सुमारे २२० मिग्रॅ सोडियम वाढते, रक्तदाब असलेल्यांना ते चालणार नाही. मीठ नकोच असेल तर वर सांगितलेले टीएसी माध्यम तपासा, फक्त पाण्यात लोह किंवा क्लोरीन जास्त असेल तर ते लवकर निकामी होते.

फुकटातला उपायही आहे. क्षार तापमानाबरोबर जमतात, तेव्हा फ्लॅटमधल्या गीझरचा थर्मोस्टॅट ७० वरून ५५ वर आणायला सर्वांना सांगा. थर कमी बसेल आणि विजेत थोडी खरी बचत होईल. सगळ्या इमारतीसाठी गरम पाण्याची एकच साठवण टाकी असेल तर तिला मात्र हे लागू नाही. ती ६० अंशांच्या खाली ठेवू नका, नाहीतर लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

एसटीपीबद्दल मला थोडे कळकळीने सांगायचे आहे. वीज वाचवायची म्हणून रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) बंद ठेवण्याची पद्धत अनेक सोसायट्यांत आहे. हवा थांबली की काही तासांत जिवाणू गुदमरतात, पाणी सडते आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी बागेत, ड्रेनेजमध्ये, झिरपून बोअरमध्ये जाते. तुमच्या पावसाळी वासाचे मूळ तिथेही असू शकते. ऑपरेटरला रात्रीचे वेळापत्रक विचारा. बचत करायचीच असेल तर ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन २ मिग्रॅ प्रति लिटरच्या आसपास ठेवा, आणि तुंबलेले डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे भाग, बदला. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच एसटीपींत वीज वाया जाण्याचे मोठे कारण तुंबलेले डिफ्यूझर हेच निघाले आहे.

एवढे वाचूनही कमिटीचा कल चुंबकाकडे असेल तर चाचणी घ्या, पण आपल्या अटींवर. क्लब हाउसमध्ये एकाच मॉडेलचे दोन नवीन गीझर एकाच टाकीच्या पाण्यावर लावा, दोघांचा थर्मोस्टॅट सारखा, दोघांना पाण्याचा आणि विजेचा मीटर. एकाच्या इनलेटवर चुंबक, दुसऱ्याच्या नाही. रोज दोघांतून सारखेच पाणी जाईल अशी सोय करा. तीन-चार महिन्यांनी दोन्ही उघडून कॉइलवरचा आणि टाकीतला थर खरवडून, वाळवून वेगवेगळा तोला. जर्मनीत भौतिक पद्धतीच्या यंत्रांसाठी डीव्हीजीडब्ल्यू डब्ल्यू ५१२ ही चाचणी आहे, तिथे थर निदान ८० टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. विक्रेत्याकडे ते प्रमाणपत्र असेल तर मागा. नसेल तर "आमच्या चाचणीत थर निम्म्याहून कमी आला तरच पैसे" हे वाक्य करारात लिहून घ्या. साबणाचा फेस, टीडीएस मीटर किंवा इतर सोसायट्यांची पत्रे यांवर पैसे देऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: या आठवड्यात पाण्याची तपासणी आणि क्लोरीन, पाऊस सुरू व्हायच्या आत हार्वेस्टिंगचा खड्डा, केसिंग आणि ड्रेनेज चेंबर, मग एसटीपीचे डिफ्यूझर, आणि त्यानंतर सोलरच्या फीडवर छोटा सॉफ्टनर किंवा टीएसी. यात मेन लाइनवरच्या चुंबकासाठी मला जागा दिसत नाही.

लॅबचा अहवाल आला की ई. कोलाय, नायट्रेट आणि अल्कलिनिटीचे आकडे, पाइप जीआय आहे की प्लास्टिकचा, आणि सोलर कलेक्टर फ्लॅट प्लेट आहे की काचेच्या नळ्यांचा, एवढे इथेच लिहा. त्यावरून सॉफ्टनर किती लिटर रेझिनचा (क्षार पकडणाऱ्या मण्यांचा) लागेल ते नेमके सांगता येईल.